येथे ज्वालामुखी रंगवून मिळेल

जुलै लागला की स्टेशनरीच्या दुकानांतला ऋतू बदलतो. रेनकोट मागच्या फळीवर जातात आणि पुढे येतात थर्माकोलचे ताव, सोनेरी चमकी, कापसाचे ढग, प्लास्टिकचं गवत आणि पाकिटातले तयार ग्रह. राज्य सरकारनं २३ मार्च २०१८ रोजी प्लास्टिक आणि थर्माकोलच्या वस्तूंवर बंदीची अधिसूचना काढली. गणपतीचं मखर तिच्यात सापडलं, पंगतीतल्या ताटल्या सापडल्या. ‘पर्यावरण वाचवा’ हे शाळकरी मॉडेल मात्र कसं कोण जाणे निसटलं. त्यातली झाडं थर्माकोलची, नदी थर्माकोलची, आणि नदीकाठी ‘प्लास्टिकला नाही म्हणा’ अशी पाटी, तीही थर्माकोलची.

काउंटरवर गर्दी आयांची आणि बाबांची. ज्यांचा प्रकल्प असतो ती मंडळी घरी कार्टून बघत असतात.

“काका, ज्वालामुखी आहे का?”

“किती मार्कांचा?”

“दहा.”

“दहाचा साधा येतो. वीसचा असेल तर आत दिवा बसवून देतो.”

“नको, मुलगा स्वतः करणार आहे.”

“मग रंगवलेला न्या. त्याला फक्त नाव घालू दे.”

रात्री पावणेदहाला ‘६ ब पालक’ या व्हॉट्सअ‍ॅप समूहाला जाग येते.

“उद्याच आणायचाय का?”

“हो. आणि फुटणारा पाहिजे म्हणे.”

“कुणाकडे जास्तीचा ज्वालामुखी आहे का? मोठ्या मुलाचा चालेल.”

“आमच्याकडे गेल्या वर्षीचा आहे ताई. फक्त नाव बदला, आणि लाव्हा थोडा उडालाय तो रंगवा.”

“फेविकॉल पंख्याखाली सुकवा, नाहीतर सकाळी रिक्षात उद्रेक होतो.”

यावेळी विद्यार्थी गाढ झोपेत असतो. आई फेविकॉल लावते, बाबा ‘ज्वालामुखीचे फायदे’ शोधतात, आजी कात्री सापडत नाही म्हणून सगळ्यांना फैलावर घेते. सहावीच्या वर्गाचा प्रकल्प म्हणजे कुटुंबानं एकत्र येऊन काहीतरी करण्याची शेवटची संधी, असा याचा एक उदात्त अर्थ लावता येईल. पण मग गुणपत्रिकेवर आजीचंही नाव हवं.

* * *

आता त्या ज्वालामुखीकडे जरा बघू. शंकूच्या आकाराचा, टोकाला भोक, भोकात खायचा सोडा, वरून व्हिनेगर. फेस येतो, टाळ्या वाजतात, पालकांचा मोबाइल चित्रण करतो. फेस येतो तो आम्ल आणि सोडा यांच्या गाठीभेटीतून निघालेल्या कार्बन डायऑक्साइडमुळे. पृथ्वीच्या पोटातल्या वितळलेल्या खडकाचा त्याच्याशी काडीचा संबंध नाही. रसायनशास्त्राचा एक चांगला प्रयोग आपण भूगोलाच्या नावावर खपवतो आणि दोन्ही विषय हातचे घालवतो.

गंमत पुढेच आहे. ज्या शाळेत हा प्रयोग चालतो ती शाळा बहुधा लाव्हावरच उभी असते. महाराष्ट्राचा बहुतेक भाग साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वी वाहून थिजलेल्या लाव्हाचा आहे. आज उरलेला त्याचा पसारा भरतो सुमारे पाच लाख चौरस किलोमीटर. आणि हा लाव्हा आला तो मुख्यतः जमिनीला पडलेल्या लांबच लांब भेगांतून, एकावर एक थर चढवत. थर्माकोलच्या त्या सुबक शंकूशी त्याचं नातं फारसं नाही. सह्याद्रीच्या कड्यांवर दिसणाऱ्या आडव्या पायऱ्या म्हणजे तेच थर. वेरूळचं कैलास लेणं त्याच काळ्या दगडातलं, गडांचे बुरूज त्याच दगडाचे, आणि शाळेच्या जोत्याचा दगडही बहुतेक तोच. थोडक्यात, मुलगा बसलेला असतो ज्वालामुखीच्या कामगिरीवर, आणि आई दुकानातून ज्वालामुखी आणत असते.

याच विषयाचा प्रकल्प एका प्रश्नावर करता येतो: समोरच्या डोंगरात किती थर दिसतात? डोंगर नसेल तर जुनी विहीर, दगडाची खाण, घाटातला नाहीतर रेल्वेमार्गाचा कापलेला कडा. मुलांनी लांबून चित्र काढायचं, थर मोजायचे, मग खाली पडलेले दगड हातात घ्यायचे. एक दगड घट्ट आणि जड निघतो, दुसऱ्याला बारीक भोकं असतात. का? वाहत्या लाव्हातला वायू वर येतो आणि थराच्या माथ्याकडे बुडबुडे राहून जातात, तिथला दगड सच्छिद्र होतो. काही भोकांत पांढरे, चमकणारे स्फटिक भरलेले सापडतात. हे काय, असा प्रश्न पोरं विचारणारच, कारण चमकणारी वस्तू खिशात घालण्याआधी तिचं नाव विचारायची त्यांची रीत असते. मग झिओलाइट हा शब्द फळ्यावर येतो, आणि तो पुसला तरी डोक्यातून जात नाही.

खर्च शून्य. पण शून्य खर्चाच्या प्रकल्पाला प्रदर्शनात टेबल मिळत नाही, ही त्याची मोठीच उणीव.

* * *

दुसरा लाडका विषय सौरमाला. पाकिटातले ग्रह तारेत ओवायचे आणि खोक्याला टांगायचे. प्लूटोला २००६ साली ग्रहांच्या यादीतून बाहेर काढलं, तरी ज्याच्या ताईचा जुना संच घरात आहे त्याच्या खोक्यात तो अजून लोंबकळत असतो. त्या खोक्यात सूर्य आंब्याएवढा, पृथ्वी लिंबाएवढी, आणि दोघांमध्ये चार बोटांचं अंतर. सूर्य खरोखर इतका जवळ असता तर प्रकल्पाची मुदत पाळायला कोणी उरलं नसतं.

आता हेच मैदानावर करू. एक सेंटिमीटर म्हणजे एक लाख किलोमीटर, एवढंच प्रमाण धरायचं. सूर्य होतो चौदा सेंटिमीटरचा चेंडू. पृथ्वी होते जेमतेम सव्वा मिलिमीटरची, म्हणजे राजगिऱ्याचा एक दाणा, आणि तो ठेवायचा चेंडूपासून पंधरा मीटरवर. चंद्र त्या दाण्यापासून चार सेंटिमीटरवरही नाही. २०२३ च्या ऑगस्टमध्ये चांद्रयान-३ उतरलं तेव्हा आपण मिठाई वाटली ती एवढ्या चिमुकल्या अंतरासाठी, हे कळल्यावर अभिमान कमी होत नाही, आकाश तेवढं वाढतं. गुरू ग्रह गोटीएवढा, अठ्ठ्याहत्तर मीटरवर. नेपच्यून साडेचारशे मीटरवर, म्हणजे शाळेचं फाटक ओलांडून एसटी स्टँडच्या आसपास. तिथं जो मुलगा उभा राहील त्याला मागे वळून चेंडू दिसतो का, ते विचारा. विश्व म्हणजे मुख्यतः रिकामी जागा, हे वाक्य पाठ न करता त्याला कळतं. शिवाय गुणोत्तर, दशांश आणि एककांचं रूपांतर, ही गणितातली तिन्ही भुतं एकाच दुपारी उतरतात.

अर्थात राजगिऱ्याचा दाणा शाळेच्या कपाटात काचेमागे ठेवता येत नाही. अधिकारी भेटीला आले की दाखवायचं काय?

* * *

ही रीत आली कुठून? हेतू तर चांगलाच होता. २० ऑगस्ट २०१० च्या शासन निर्णयानं राज्यात सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आलं. मुलाला एका परीक्षेच्या तराजूत तोलू नये, वर्षभर त्याच्याकडे बघावं, म्हणून आकारिक मूल्यमापनाची साधनं ठरली: निरीक्षण, तोंडी काम, प्रयोग, उपक्रम, चाचणी, स्वाध्याय, आणि त्यातच प्रकल्प. शिक्षकानं मुलाकडे पाहून दोन ओळी लिहायच्या, त्यांना वर्णनात्मक नोंदी म्हणतात. झालं असं की नोंदींच्याही तयार याद्या निघाल्या. ‘स्वतःहून प्रश्न विचारतो’ हे वाक्य चाळीस मुलांपुढे चाळीसदा उतरवलं जातं. चाळीस पोरं खरंच स्वतःहून प्रश्न विचारायला लागली असती तर ही नोंदवही भरायला कोणाला वेळ मिळाला असता?

मुलं मोठी होतात तसा थर्माकोल जातो आणि कागद येतो. अकरावी-बारावीचा पर्यावरणाचा प्रकल्प हा या वाङ्मयप्रकाराचा मुकुटमणी. मुखपृष्ठ, प्रमाणपत्र, ऋणनिर्देश, प्रस्तावना, उद्दिष्टे, कार्यपद्धती, निरीक्षणे, निष्कर्ष, संदर्भ. सांगाडा भक्कम आहे, एखाद्या विद्यापीठाला शोभेल असा. फक्त आत जीव नाही. ‘मी ......... नदीला भेट दिली व पाण्याचे निरीक्षण केले’ हे वाक्य तयार मजकुरातून जसंच्या तसं उतरवताना टिंबंही उतरवली जातात. नदीचं नाव राहूनच जातं. पंचगंगा असो, मुळा असो, गोदावरी असो, बारावीच्या वहीत सगळ्या नद्या टिंबांतून वाहतात. निष्कर्ष एकच: पाणी हेच जीवन आहे. एवढा निष्कर्ष काढायला नदीपर्यंत जायची गरज नव्हती, हे विद्यार्थ्यानं अचूक ओळखलेलं असतं.

आता तर हे उतरवण्याचेही कष्ट संपले. मोबाइलमधल्या चॅटबॉटला सांगितलं की तो प्रस्तावनेपासून ऋणनिर्देशापर्यंत सगळं लिहून देतो आणि ‘माझ्या मार्गदर्शक शिक्षकांनी दिलेल्या अमूल्य वेळेबद्दल’ आभारही मानतो. शिक्षक तोच मजकूर तपासतात, वर्ग तोच मजकूर जमा करतो. या साऱ्या व्यवहारात शिकायला कोणालाच मिळत नाही, आणि तक्रारही कोणाची नसते.

पालकांना दोष देणं सोपं आहे, शिक्षकांना त्याहून सोपं. पण साठ मुलांनी वीस-वीस पानांचा प्रकल्प दिला तर बाराशे पानं होतात, आणि हा हिशेब एका विषयाचा झाला. मतदारयाद्या, जनगणना, माहिती भरण्याचे ऑनलाइन तक्ते यांतून उरलेल्या वेळात बाराशे पानं कोण वाचणार? मग जाडी बघून, चमकी बघून, हातावर तोलून गुण पडतात. आणि गुण वस्तूला पडतात हे एकदा कळलं की पालक वस्तूच आणतात. वस्तू बाजारात मिळते, शिकणं मिळत नाही. यात पालकांचं काय चुकलं? त्यांनी व्यवहार बरोबर ओळखला.

* * *

ज्यांनी हे सगळं सुरू केलं त्यांच्या स्वप्नातही थर्माकोल नव्हता. १८९६ साली जॉन ड्यूई यांनी शिकागोत प्रयोगशाळा शाळा काढली. तिथं मुलं स्वयंपाक करत, विणत, सुतारकाम करत, आणि त्या कामाच्या पोटातून गणित नि विज्ञान शिकत. त्यांच्याच विचारांच्या वाटेनं जाणाऱ्या विल्यम किलपॅट्रिक यांनी १९१८ साली प्रकल्प पद्धतीवर निबंध लिहिला. त्यांच्या मते प्रकल्पाचा प्राण म्हणजे मुलानं स्वतःच्या हेतूनं, मन लावून केलेलं काम. हेतू आईचा आणि मन बाबांचं, अशी वाटणी त्यांना सुचली नव्हती.

शिकागो लांब राहिलं, आपलं वर्धा तर जवळ आहे. २२ आणि २३ ऑक्टोबर १९३७ रोजी गांधीजींच्या अध्यक्षतेखाली तिथं शिक्षण परिषद भरली, मग झाकिर हुसेन यांच्या समितीनं आराखडा केला आणि नई तालीम उभी राहिली. हातात टकळी द्यायची आणि तिच्याभोवती सारं शिक्षण गुंफायचं. सूत किती निघालं, किती तुटलं, तासाला वेग किती, हे गणित. कापूस कुठल्या मातीत येतो, हा भूगोल. तो मँचेस्टरला का जात होता, हा इतिहास. मुलांच्या उत्पादनातून शाळेचा खर्च निघावा या कल्पनेवर तेव्हाही टीका झाली आणि ती गैर नव्हती. मुलांना सूतगिरणीचे मजूर करायचं का, हा प्रश्न रास्तच होता. पण एक गोष्ट त्या टकळीला नाकारता येत नव्हती. सूत तुटलं की तुटलं. ते आईकडून जोडून आणता येत नव्हतं.

स्वातंत्र्यानंतर कोठारी आयोगानं (१९६४-६६) कार्यानुभवाची शिफारस केली. कार्यानुभवाचा तास वेळापत्रकात आलासुद्धा. त्या तासाला काय होतं, हे महाराष्ट्रातल्या कोणत्याही दहावी पास माणसाला विचारा: गणिताचे सर येतात आणि राहिलेला धडा घेतात.

तरी हे इथं कधी जमलंच नाही असं म्हणायची सोय नाही. डॉ. श्रीनाथ कलबाग हिंदुस्तान लिव्हरच्या संशोधन केंद्रातलं काम सोडून पुणे जिल्ह्यातल्या पाबळ या कोरडवाहू गावात गेले आणि १९८३ साली त्यांनी विज्ञान आश्रम सुरू केला. तिथून शाळांसाठी जो अभ्यासक्रम निघाला त्यात आठवी ते दहावीची मुलं आठवड्यातला एक दिवस हातानं काम करतात. जोडकाम आणि बांधकाम, ऊर्जा आणि पर्यावरण, शेती आणि पशुपालन, घर आणि आरोग्य, अशी चार खाती. आणि मुख्य मेख अशी की काम गावाला हवं असलेलं घ्यायचं. बाक दुरुस्त करायचा, माती तपासायची, फाटकाला जोड मारायचा. वेल्डिंगचा जोड सुटला तर गावकरी ‘छान प्रयत्न’ असा शेरा मारत नाहीत, फाटक परत घेऊन येतात. एवढा कठोर आणि इतका न्यायी परीक्षक कोणत्या मंडळाकडे आहे? २००२ च्या सुमारास अमेरिकेतल्या एमआयटीनं आपल्या फॅब लॅबच्या कल्पनेसाठी जगातल्या सुरुवातीच्या ठिकाणांत हे पाबळ निवडलं. कोल्हापुरात लीलाताई पाटील यांनी १९८५ साली सृजन आनंद विद्यालय काढलं, तेही परिसरालाच पाठ्यपुस्तक मानून. अरविंद गुप्ता तर काड्यापेटीतल्या काड्या, सायकलच्या व्हॉल्व्हची नळी आणि कचरा घेऊन देशभर विज्ञान शिकवत फिरले. स्टेशनरीवाल्यांच्या संघटनेनं त्यांचा अजून निषेध कसा केला नाही, हे आश्चर्य आहे.

* * *

“पण आमच्या शाळेत काय करणार? ना शेत, ना कार्यशाळा.” ठीक. नळ आहे ना? आणि तो गळतो ना? मग प्रयोगशाळा तयार आहे. शेजारच्या भिंतीवर ‘पाणी वाचवा’ हे गेल्या वर्षीचं बक्षीसपात्र पोस्टर असेल तर सोन्याहून पिवळं.

प्रश्न: आपल्या शाळेचे नळ महिन्याला किती पाणी गाळतात? हे बाईंना माहीत नाही, पुस्तकात नाही, गूगलवर नाही. दुकानात तर नाहीच. आधी अंदाज घ्या. कोणी एक तांब्या म्हणेल, कोणी टँकर. मग मोजा. खोकल्याच्या औषधाचं खुणांचं टोपण थेंबाखाली धरायचं आणि थेंब मोजायचे. ढोबळ हिशेब असा की वीस थेंबांचा एक मिलिलिटर. पण एका गटाला सतरा मिळतील, दुसऱ्याला तेवीस. इथं भांडण होतं, आणि सरासरी हा धडा सुरू करायला याहून चांगला मुहूर्त नाही. सेकंदाला एक थेंब पडत असेल तर दिवसाला ८६,४०० थेंब होतात, म्हणजे सव्वाचार लिटरच्या थोडं वर. असे पाच नळ, तीस दिवस: साडेसहाशे लिटरच्या घरात. मुलांनी हा आकडा स्वतः काढला की त्यांचे डोळे बघण्यासारखे होतात. तोच आकडा आपण सांगितला तर ते वहीत लिहून घेतात आणि विसरतात.

एखादी पोरगी म्हणेल, बाई, सकाळी जास्त गळतं आणि दुपारी कमी. का? टाकी सकाळी भरलेली असते. वरचं पाणी उतरलं की दाब उतरतो. हा धडा अभ्यासक्रमात पुढे कधीतरी येणार असतो, पण प्रश्न आज आलाय, तर उत्तर आजच द्या. मग वॉशर म्हणजे काय, केवढ्याला येतो, प्लंबर किती घेतो, हे बाजारात जाऊन विचारायचं. शेवटी मुख्याध्यापकांना अर्ज. ‘अर्जलेखन’ हा पाच गुणांचा प्रश्न वर्षानुवर्षं काल्पनिक साहेबांना काल्पनिक सुट्टी मागण्यात वाया जातो. इथं अर्जही खरा, मागणीही खरी, आणि उत्तर येईल की नाही ही धाकधूकही खरी.

यात बाईंनी गप्प बसायचं असतं, असा एक नवा गैरसमज महागड्या शाळांत पसरला आहे. मूल आपलं आपण शोधेल, आपण फक्त कौतुकानं बघायचं. शतमान काय ते न शिकवता ‘शोधा’ म्हटलं तर मुलं मोबाइल शोधतात. सरासरी कशी काढायची, तक्ता कसा आखायचा, हे फळ्यावर सरळ शिकवावं लागतं, फक्त ते गरज पडल्या क्षणी शिकवलं की चिकटतं. पाढे आणि शुद्धलेखन यांना घोटण्यावाचून पर्याय नाही, त्यांचा प्रकल्प करू नये. आणि गटाचं काम म्हणाल तर आपल्या गटाची घटना ठरलेली आहे: एक मुलगी लिहिते, एक मुलगा रंगवतो, एक जण पट्टी हरवतो, आणि दोघं गटात आहेत हे शेवटच्या दिवशी समजतं. म्हणून प्रत्येकाला वेगळं काम द्या आणि प्रश्न मात्र कोणालाही, कोणत्याही कामाबद्दल विचारा. पाचही जण आपोआप जागे राहतात.

प्रकल्प एका सत्रात एकच, आणि तो शाळेच्या वेळेत. घरी न्यायची परवानगी फक्त प्रश्नाला. दहा गुणांची वाटणी आम्ही सुचवतो ती अशी: कच्च्या वहीला चार, ज्यात खाडाखोड, डाग आणि चुकलेली आकडेमोड दिसली पाहिजे. काय जमलं नाही आणि का, हे सांगण्याला दोन. वस्तू बाजूला ठेवून विचारलेल्या तोंडी प्रश्नांना तीन. सजावटीला एक. चमकी असल्यास तोही नाही. साठ कच्च्या वह्या चाळणं बाराशे छापील पानांपेक्षा सोपं आहे, कारण खोटी कच्ची वही तयार करणं हे खरं काम करण्यापेक्षा जास्त कष्टाचं असतं. निदान आजवर तरी ती दुकानात आलेली नाही.

२०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानं सहावी ते आठवीच्या मुलांना दहा दिवस दप्तराविना द्यायचं म्हटलं आहे. त्या दिवसांत सुतार, माळी, कुंभार यांच्याकडे जाऊन शिकायचं. कल्पना देखणी आहे. आमची भीती एवढीच की कुंभाराच्या चाकाजवळ मूल पोहोचण्याआधी फोटो पोहोचेल, आणि फोटो अपलोड झाला की चाक थांबेल. कुंभाराला मात्र पुढचे चार महिने शाळेकडून ‘सहभागाचं प्रमाणपत्र’ मिळेल, जे त्यानं कुठं लावावं हे कोणी सांगणार नाही.

* * *

मग प्रश्न उरतो, इतकं स्वस्त, सोपं आणि मजेचं असूनही शाळा खरा प्रकल्प का करत नाहीत? वेळ नाही, मुलं फार, अभ्यासक्रम मोठा, ही कारणं खरी आहेत. पण एक कारण कोणी मोठ्यानं सांगत नाही. खऱ्या प्रश्नाला खरं उत्तर येतं, आणि ते कोणाच्या तरी टेबलावर जाऊन बसतं. थर्माकोलचा ज्वालामुखी कोणाला जाब विचारत नाही. गळक्या नळाचा हिशेब मुख्याध्यापकांना विचारतो, मुख्याध्यापक शाळा व्यवस्थापन समितीला विचारतात, समितीतल्या पालकांनी नगरपालिकेला विचारलं तर पंचाईत. शाळेच्या दारातल्या वडेवाल्याच्या तेलाचा प्रकल्प, शाळेसमोरच्या खड्ड्याच्या खोलीचा प्रकल्प, मुलींच्या स्वच्छतागृहाला कडी किती दिवसांपासून नाही याचा प्रकल्प: एकेक विषय असा आहे की त्याच्या प्रदर्शनाच्या उद्घाटनाला पाहुणा मिळणार नाही.

नळ दुरुस्त झाला तर मुलांना गणित आणि विज्ञान आलं. झाला नाही तर नागरिकशास्त्र आलं. त्यांचा दोन्हीकडून फायदाच आहे, अडचण काय ती मोठ्यांची. म्हणून ज्या शाळांना यंदा खरोखर प्रकल्प करायचा आहे, त्यांनी मुलांच्या हाती ते औषधाचं टोपण देण्यापूर्वी एक तयारी करावी. मुख्याध्यापकांनी पाच वॉशर आणून टेबलाच्या खणात ठेवावेत. मुलांचं उत्तर बरोबर येण्याची दाट शक्यता आहे.